पायरीवरचं पांढरं

धरमपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात नवा चष्मा नाकावर चढवून रुपराव आरशात पाहत होते. आरशातला माणूस ओळखीचा होता, पण अपेक्षेपेक्षा बराच जुना निघाला होता. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. दुकानातली मुलगी म्हणाली की काका, फोनच वाचून पाहा, जवळचं नीट दिसतं का ते इथेच कळेल. त्यांनी फोन उघडला. कॅनडातून मुलाने, अमोलने, एक फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं की शेजारच्या मार्गरेटबाई आपल्या दारात पडल्या त्याच वेळचा हा फोटो, पार्सलवाल्याने काढलेला, त्यांच्या वकिलाने आत्ता कुठे दिला. बाबा, नीट पाहा, पायरीवर मीठ दिसतंय, म्हणजे मी त्या सकाळी मीठ टाकलं होतं. रुपरावांनी दोन बोटांनी फोटो ताणला. राखाडी सिमेंटची पायरी, तिच्यावर काचेसारखा पातळ बर्फ, आणि बर्फावर पांढरी पूड. मधोमध ती फिसकटली होती, तिथून पाय घसरत गेला होता. पण कडेला, जिथे कुणाचा पाय लागला नव्हता, तिथे पूड एका रेषेत चालत आली होती, रेषेने वळण घेतलं होतं आणि वळणाच्या पोटात एक ठिपका होता. मीठ असं वळत नाही. हे वळण त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्या दारात पाहिलं होतं, रोज ओलांडलं होतं. मुलीने विचारलं, दिसतंय ना काका. दिसून राहिलं, रुपराव म्हणाले, सगळं दिसून राहिलं.

बाहेर मे महिन्याची दुपार नुसती भाजत होती. रस्त्यावर जी काय माणसं होती ती तोंडाला दुपट्टे गुंडाळून चोरासारखी पळत होती. स्कूटरची सीट तापली होती म्हणून रुपराव कडुनिंबाच्या सावलीत उभे राहिले आणि तिथे, त्या उन्हात, त्यांच्या पायांच्या बोटांना गारठा लागला. हे आता नेहमीचंच झालं होतं. कॅनडाहून परतल्यापासून कधीही, जेवताना, देवळाच्या रांगेत, बँकेत, गारठा अंगठ्यापासून सुरू होई आणि घोट्यापर्यंत चढून थांबे. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती. साखर बरोबर निघाली. मग डॉक्टर म्हणाले की वयाने होतं असं, आणि रुपरावांनाही ते सोयीचं वाटलं, कारण वयावर काहीही ढकलता येतं. आत्ता मात्र नवा चष्मा डोळ्यांवर होता आणि कशावरच काही ढकलता येत नव्हतं. त्या सकाळी बर्फ कुठून आला हे त्यांना दीड वर्षापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच की मार्गरेटबाईंनी त्या पायरीवर इतकं बिनघोर पाऊल टाकलं कसं. जन्म बर्फात काढलेली बाई, फुंकून पाय टाकणारी. तिने पायरीवर पांढरं पाहिलं. त्या गावात पायरीवरच्या पांढऱ्या दाण्यांचा एकच अर्थ होतो, की घरमालकाने मीठ टाकलंय, या, इथे पाय घसरणार नाही. तिने रुपरावांच्या बायकोची, प्रयागबाईची, रांगोळी पाहिली आणि मीठ वाचलं.

तिकडे घर घेणाऱ्याच्या गळ्यात घरासोबत घरापुढची वाटही पडते, हे रुपरावांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. अमोलने घर घेतलं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात नवरा-बायको तिकडे गेले होते. अमोल आणि सून भूमिका, दोघंही कामाला जाणारे. अमोल अंधारातच उठे, चिलखत घातल्यासारखा कपडे घाली आणि फावडं घेऊन बाहेर पडे. फावड्याचा सिमेंटवर खरडल्याचा आवाज वर खोलीत येई. फुटपाथ नगरपालिकेचा, पण बर्फ काढायचा समोरच्या घराने, आणि तोही ठरल्या वेळेत, नाहीतर नोटीस. फाटकाच्या आतल्या पायऱ्या, वाट, तिथे पोस्टमन येतो, शेजारी येतो, कुणी पडलं तर मालकाने दाखवून द्यायचं की मी काळजी घेतली होती. रुपरावांनी आयुष्य नागपुरात काढलेलं. इथे लोक दारापुढे रेतीचा ढिगारा टाकतात, कूलरचं पाणी रस्त्यावर सोडतात, लग्नाचा मांडव आडवा घालतात, आणि येणारा-जाणारा आपला जीव आपण सांभाळतो. ते अमोलला म्हणाले होते, फुटपाथ सरकारचा आन् खराटा आपला, हा कुठचा न्याय गा. अमोल हसला नाही. त्याने निळ्या पिशवीतून मिठाची मूठ काढली आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी पायऱ्यांवर फेकली. ते जाड, पांढरं मीठ पाहून प्रयागबाई खिडकीतच कळवळली होती. मीठ पायाखाली. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं, हे तिला तिच्या आईने माहेरी, खाप्याच्या घरी, चिमूटभर मीठ सांडल्यावर सांगितलं होतं, आणि इथे तिचा मुलगा पोतंभर मीठ रोज लोकांच्या बुटांखाली घालत होता. तिने दोनदा त्याला सांगून पाहिलं. आई, इथे असंच असते, तो म्हणाला. मग ती गप्प बसली. प्रयागबाई गप्प बसली की तिने ऐकलं असा समज करून घेणारे दोघंच जण जगात होते, एक तिचा नवरा आणि दुसरा तिचा मुलगा.

त्या सकाळी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. ऊन म्हणायचं नुसतं; उजेड होता, ऊब नव्हती. अमोलने पायऱ्या इतक्या चोख साफ केल्या होत्या की खालचं सिमेंट दिसायला लागलं होतं. तेवढं मोकळं सिमेंट प्रयागबाईने तिथे गेल्यापासून पाहिलं नव्हतं. रुपराव वरच्या खिडकीशी बसले होते, त्यांनी अमोलला मीठ टाकताना पाहिलं, मग गाडीत बसून जाताना पाहिलं, थोड्या वेळाने भूमिकाही गेली. मग स्वयंपाकघरातून प्रयागबाई म्हणाली, आज उंबरठा उघडा पडला, मोकळं दार चांगलं नाही दिसत. जी गोष्ट अमोलने कायद्यासाठी केली होती तिचा तिने असा अर्थ घेतला होता. त्या पायरीवर दोन घरांचे नियम एकावर एक येऊन बसले आणि मधे बोलायला कुणी नव्हतं. होते, रुपराव होते. त्यांनी काय केलं? बादली भरून दिली. गिझरचं कोमट पाणी भरून दिलं, तिचे हात गारठू नयेत म्हणून. बाईने कुंच्याने मीठ झाडून घेतलं, वाया जाऊ नये म्हणून कागदावर भरून दाराच्या आत ठेवलं, मग हाताने पाणी शिंपडत सडा टाकला आणि नागपूरहून पेटीत पुरचुंडी बांधून नेलेली रांगोळी काढली. वाफ येत होती पायरीतून. रुपरावांना ते दृश्य बरं वाटलं होतं, घरच्यासारखं वाटलं होतं. पाण्याची वाफ होऊन ते उडून जातं, एवढंच त्यांना जन्मभर माहीत होतं. प्रयागबाई आत आली, हात चोळत न्हाणीघरात गेली, रुपराव पुन्हा वर खिडकीशी जाऊन बसले, आणि बाहेर पायरीवर पाणी गुपचूप घट्ट होत गेलं.

पुढचं त्यांना आठवायचं नसतं आणि रोज आठवतं. मार्गरेटबाई शेजारच्या दारातून निघाल्या. प्रयागबाई त्यांना मार्गाबाई म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं, दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नसून तासभर गप्पा चालायच्या. त्या हळूहळू वाटेने आल्या. पायऱ्यांशी थांबल्या, खाली पाहिलं, मान हलवली आणि पाय उचलला. आणि त्याच क्षणी रुपरावांच्या मनात आलं की रांगोळीवर पाय पडेल. एवढंच आलं. बर्फ नाही, पाणी नाही, म्हातारीचं हाड नाही. नुकती काढलेली रांगोळी पुसली जाईल. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात त्यांनी लोकांना सावध करण्यात घालवलेली, गाडी लागेस्तोवर फलाटाच्या काठाला उभं राहू नका म्हणून भोंग्यावरून ओरडण्यात. सवयीने त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी खिडकीच्या काचेवर टकटक केलं. मार्गरेटबाईंनी वर पाहिलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं, या म्हणताहेत. हात हलवायला त्यांनी कठड्यावरचा हात सोडला, आणि मग खिडकीत त्या नव्हत्याच. नुसतं आकाश होतं, निळं, स्वच्छ, आणि खालून एक आवाज आला तो रुपरावांनी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. ते धावत खाली गेले तोवर पार्सलवाला पोचला होता. मग गाडी आली, माणसं आली, बुटांनी सगळं तुडवलं गेलं. अमोल कामावरून धावत आला आणि त्याने वेड्यासारखी सगळी पिशवी पायऱ्यांवर ओतली. प्रयागबाई ओले केस घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा पायरीवर मिठाखेरीज काही उरलं नव्हतं. या मेल्या बर्फाने घात केला माझ्या मार्गाबाईचा, असं म्हणून ती रडली.

मार्गरेटबाईंच्या कमरेचं हाड मोडलं. त्या घरी परतल्या नाहीत, दवाखान्यातून वृद्धाश्रमात गेल्या आणि तिथे, अमोल सांगे, आता माणसं ओळखत नाहीत. त्यांच्या मुलाने दावा केला. त्यात त्याचं काही चुकलं असं रुपरावांना कधी वाटलं नाही. दावा अमोलवर, कारण घर त्याच्या नावावर. प्रयागबाईला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती दर फोनला मार्गाबाईची तब्येत विचारी आणि अमोल बरी आहे म्हणे. पण खरा घोर अमोलच्या आत बसला होता. त्याला आठवेना की आपण त्या सकाळी मीठ टाकलं की नाही. रोज टाकतो, म्हणजे त्या दिवशीही टाकलं असेल. पण टाकलं असतं तर बर्फ झाला कसा? तो झोपेतून उठून विचार करी. व्हिडिओवर दिसे तेव्हा हात मिठाने फुटलेले, डोळे खोल गेलेले. मागल्या हिवाळ्यात त्याने रात्री उठून पायऱ्या चाचपायला सुरुवात केली, हे भूमिकाने हळूच कळवलं होतं. आणि दर वेळी तो एकच प्रश्न विचारी, बाबा, तुम्ही खिडकीत बसले होते, मी टाकलं होतं का मीठ? एक शब्द पुरला असता. टाकलं होतंस, पोरा, मी पाहिलं. पण त्या शब्दाच्या मागोमाग दुसरा प्रश्न उभा होता, मग ते मीठ गेलं कुठे, आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतं. म्हणून रुपराव म्हणायचे, मले ध्यानात नाही. असे ते दीड वर्ष आपल्या मुलाला जाळत राहिले आणि बायकोला सावली देत राहिले, आणि दोन्ही गोष्टी प्रेमापोटीच करत होते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

झिंगाबाई टाकळीतल्या घरी पहाटे अजूनही सडा पडे. पाण्याचे थेंब मातीवर पडल्याचा तो सपसप आवाज. पूर्वी या आवाजावर रुपरावांना पुन्हा झोप लागायची; आता ते टक्क जागे होऊन पलंगावर बसत. ती आत आली की ते फडकं घेऊन फाटकाशी जात आणि पायरी पुसून कोरडी करत. मे महिन्यात, जिथे पाणी पडायच्या आत वाळतं तिथे. काय करून राहिले जी तुमी, ती विचारी. काही नाही, ते म्हणत, घसरते. शेजाऱ्यांनी याची जरा टिंगलही केली होती, रुपराव रिटायर झाल्यावर घरकामाला लागले म्हणून. एकदा दूधवाल्याने गाडीच्या काचेवर चावीने टकटक केलं आणि रुपराव हातातलं पातेलं टाकून खाली बसले. चक्कर आली म्हणाले. प्रयागबाईने त्यांना लिंबूपाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांना वाटलं की आत्ता सांगावं, या हाताखाली सांगावं. पण काय सांगणार? तू देवासारखी जी गोष्ट करतेस तिने एक म्हातारी मोडली. त्यानंतर ही बाई दारात पाणी टाकेल का? आणि नाही टाकलं तर सकाळी उठून करेल काय?

संध्याकाळी अमोलचा फोन आला. कित्येक महिन्यांत त्याचा असा आवाज रुपरावांनी ऐकला नव्हता. तो भरभर बोलत होता. आपल्या वकीलबाईने फोटो पाहिला, म्हणाली, हे मीठच आहे, याने आपलं काम होईल. आकाशातून पडलेल्या बर्फाला कायदा मुदत देतो, मालकाने झाडलं होतं, मीठ टाकलं होतं, याहून जास्त कुणी काय करणार. फक्त घरच्याच माणसाने पाणी टाकलं, नळी सोडली, असं काही असेल तर मग बोलायला जागा नाही. पण तसं तर काही नाहीच. आता प्रत्यक्ष पाहणारा हवा. "बाबा, तिले तुमच्याशी बोलाचं आहे. तुमाले जेवढं आठवते तेवढं सांगा. मले फक्त एवढं ऐकाचं आहे का मी टाकलं होतं." रुपराव हो म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की देवाने, किंवा पार्सलवाल्याने, त्यांना वाट काढून दिली आहे. आता टाकलंस म्हणता येईल आणि मग ते गेलं कुठे हा प्रश्न येणार नाही, कारण ते समोर दिसतंय. फोटोत दिसतंय. सगळे पाहताहेत. शिवाय टाकलंस हे खोटंही नव्हतं. मुलगा सुटेल, बायकोला कळणार नाही, आणि राहता राहिलं ते खिडकीवरचं टकटक, ते आपल्याबरोबर घाटावर जाईल. ही वाट इतकी सोपी होती की त्यांना तिची भीती वाटली. रात्री जेवताना प्रयागबाईने वरणात मीठ कमी झालं का विचारलं आणि ते हात धुवायला उठले.

ठरलेल्या दिवशी त्यांनी तिला कामठीला बहिणीकडे पाठवलं. सिंधूताईची तब्येत बरी नाही, जाऊन ये, राहा वाटल्यास, असं सांगून स्वतः शेअर ऑटोत बसवून दिलं. ही काळजी कुठून उगवली म्हणून तिने जरा वळून पाहिलं, पण माहेरच्या माणसाचं नाव निघाल्यावर फार चौकशी करण्यात अर्थ नसतो. दिवे लागायच्या सुमाराला रुपरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, कूलर बंद केला म्हणजे आवाज नीट जाईल, आणि लॅपटॉपपुढे घाम पुसत बसले. तिकडे सकाळ होती. पडद्याच्या एका चौकटीत अमोल होता, दुसऱ्या चौकटीत पांढऱ्या केसांची, शांत चेहऱ्याची वकीलबाई. तिने हळू बोलायचं कबूल केलं आणि खरोखरच हळू बोलली. नाव, वय, किती दिवस राहिलात. रुपराव उत्तरं देत गेले. ती समोरच्या कागदावर लिहीत गेली. मग तिने तो प्रश्न विचारला आणि अमोलने तो मराठीत सांगितला, सांगताना खाली पाहून.

"पाहिलं ना," रुपराव म्हणाले. "खिडकीतून पाहिलं. मूठभर-मूठभर टाकून राहिला होता तू. वरपासून खालपर्यंत."

अमोलने डोळ्यांवर तळहात दाबून धरले आणि मग ते इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज फाटला. वकीलबाई थांबली, त्याला वेळ दिला. रुपरावांनी पाहिलं की त्याचे खांदे उतरले आहेत. दीड वर्ष ते कानाला लागले होते. आपण हे आधीच का दिलं नाही, या विचाराने त्यांना स्वतःची किळस आली, आणि तरीही आनंद झाला. मग पडद्यावर तो फोटो आला, मोठा, सगळी चौकट भरून. हे जे पांढरं दिसतंय ते तेच मीठ का, असं ती विचारत होती. एवढं इंग्रजी त्यांना भाषांतराशिवाय कळलं. पायांचा गारठा घोटा सोडून वर चढायला लागला. त्यांनी ते वळण पाहिलं, ठिपका पाहिला. यस, ते म्हणाले. सॉल्ट.

फाटकाची कडी वाजली ती त्यांनी ऐकली नाही. कामठीला लाईट गेली होती, सिंधूताई बरीच ठणठणीत निघाली होती आणि उकाड्याने जीव नकोसा झाल्यावर प्रयागबाई मिळेल त्या ऑटोने परत आली होती. नळावर पाय धुऊन, पदराने तोंड पुसत ती आत आली, पडद्यावर अमोल दिसला म्हणून हसली, आणि मग तिची नजर मोठ्या चौकटीवर गेली.

"अवं बाई," ती म्हणाली. "हे तं माही रांगोळी होय." खुर्ची ओढून ती नवऱ्याच्या शेजारी बसली आणि पडद्याजवळ वाकली. "अमोल, तू फोटू काढून ठेवला होता काय रे बाप्पा? मले कधी सांगतलंही नाही. हे पाह, इथून गोपद्म काढाले घेतलं होतं, आन् हात असा काकडला का ठिपका जाडा पडला."

रुपरावांनी तिच्या दंडावर हात ठेवला. तो तिने लाडाचा समजून झटकला. अमोल पडद्यावरून बापाकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर रुपरावांना बरं वाटलं असतं. तो लहानपणी गणित अडलं की पाहायचा तसा पाहत होता, म्हणजे उत्तर येत होतं आणि ते त्याला नको होतं. वकीलबाईने विचारलं की आई काय म्हणतात. बंद कूलरमधून पाणी टपकत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"शी सेज," अमोल म्हणाला, आणि थांबला, आणि मग त्याने ते पूर्ण केलं. माझी आई म्हणते की ही तिने काढलेली रांगोळी आहे. वकीलबाईने त्या शब्दाची अक्षरं विचारली. अमोलने एक एक अक्षर सांगितलं आणि तिने लिहून घेतलं.

"लिहून घेऊन राहिली काय ते?" प्रयागबाईला अप्रूप वाटलं. तिने पदर सारखा केला. "मंग पाण्याचंही सांग ना तिले. कोरड्यावर रांगोळी धरत नाही."

"पाणी मी," रुपराव एकदम म्हणाले. खुर्चीतून अर्धे उठले होते ते. "वॉटर, आय पुट. अमोल, तिले सांग, पाणी मी टाकलं. बादली मी भरली, मीच टाकलं."

प्रयागबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती खरोखर, तोंडावर हात घेऊन हसली. "तुमी?" ती म्हणाली. "तुमाले कधी सडा टाकता आला काय जी? डबकं करून ठेवता तुमी अंगणात." मग ती पडद्याकडे वळली, त्या अनोळखी, शांत बाईकडे, आणि तिला यातलं काही येत नसणार हे ओळखून जरा सावकाश म्हणाली, "थांब वं, मी दाखवतो तुले."

तिने रिकाम्या हातांनीच दाखवलं. आधी मनगट वाकवून कुंचा फिरवला, वरच्या पायरीवरून खाली, कोपऱ्यातून बाहेर. मग दोन्ही ओंजळींनी मीठ गोळा केलं, कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं. मग उजवा हात बादलीत बुडवला, तळव्याची वाटी केली, आणि बोटं उघडत उघडत पाणी असं टाकलं की थेंब सगळीकडे सारखे पडावेत, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. हे तिला फार सुंदर येत होतं. वकीलबाईने तिला मधे थांबवलं नाही, अमोलकडे अर्थही मागितला नाही. ती हाताकडे पाहत होती आणि लिहीत होती. अमोलने फुटलेले हात टेबलावर ठेवले होते आणि तो आईकडे पाहत होता, अगदी टक लावून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. आणि प्रयागबाईला वाटलं, पोराला घर आठवलं.

"समजलं काय रे तिले?" तिने विचारलं.

"समजलं, आई."

"मंग हा फोटू मार्गाबाईलेही दाखवजो," ती म्हणाली. "तिले पाहाले भेटली नाही ना ते."

दाखवतो, अमोल म्हणाला.